लिंबोणीच्या आळ्यातलं पाणी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. त्यामुळे हे लिहिताना ओशाळल्यासारखं होतंय... पण खरी लाज वेगळ्याच गोष्टीची आहे.

निजामी जाऊन काही वर्षं झाली होती. लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात अण्णांनी – म्हणजे माझ्या वडिलांनी – आणि शेजारच्या तात्यांनी विहिरीचं पाणी उपसायला भागीत ऑइल इंजिन घेतलं होतं. विहीरही दोघांची. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की इंजिन बंद. उरलेलं पाणी वस्तीला प्यायला. हा नियम अण्णांनीच घातलेला.

इंजिन बांधून ठेवायचं काम माझ्याकडे. टाकीतलं डिझेल काढलं, आतलं पाणी सोडलं, उघड्या लोखंडाला ग्रीस चोपडलं, धुराड्याच्या तोंडात चिंधी कोंबली आणि वरून गोणपाट आवळलं. इंजिनाच्या खोलीची किल्ली आमच्याकडे, ते फिरवून चालू करायचं हँडल तात्यांच्या घरी खुंटीला. एकट्याला इंजिन चालू करताच येऊ नये, म्हणून ही पद्धत.

आमची लिंबोणीची रोपं मात्र त्या वर्षी वाळत चालली होती. अण्णा रोज संध्याकाळी त्यांच्यापाशी नुसते बसून राहायचे.

एका सकाळी पाण्याला गेलेल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन परतल्या. विहिरीत नुसता गाळ... आणि आमच्या लिंबोणीच्या प्रत्येक आळ्यात पाणी! तात्यांचं रान कोरडं ठाक.

सगळ्यांसमोर मी कुलूप काढलं. गोणपाट जसंच्या तसं, चिंधी जागेवर, टाकी कोरडी. तात्यांनी गोणपाटाखाली हात घातला आणि झटकन मागं घेतला.

"अण्णा, ह्ये तर तापलंय की वो!"

"हँडल कुठं हाय, तात्या?"

"माझ्याच घरात. आत्ता बघून आलो म्या."

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. एक म्हातारी एवढंच म्हणाली, "प्यायचं पानी व्हतं रं लेकरा." माझी मान वर होईना.

विहिरीत पुन्हा पाझर येईपर्यंत शेजारच्या गावच्या बारवेवरून बैलगाडीत टिपाडं भरून आम्ही वस्तीला पाणी पुरवलं. पहिल्या दिवशी गाडी जुंपताना अण्णांनी हळूच विचारलं, "खरं सांग, तू न्हाईस ना?"

"न्हाय, अण्णा."

त्यांनी मान हलवली. पण नजर माझ्या नखांवर होती, ग्रीस शोधत. मला लई लागलं ते. मग ध्यानात आलं – सकाळपासून मीही त्यांची नखंच बघत होतो.

हँडल नाही, डिझेल नाही, तरी इंजिन तापलं कसं? पुढं कितीतरी मेकॅनिकना विचारलं. सगळे हसले. अण्णांनी हे केलेलं नाही, करणं शक्यच नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तरीही अण्णा गेले तेव्हा त्यांना शेवटची आंघोळ घालताना मी त्यांचे हात उचलले... आणि आधी नखं पाहिली.