तंबूत भात, आम्ही बाहेर

डिसेंबरातला पहिला शनिवार. हजर : मी, माझी मुलगी रेवा (इयत्ता सहावी), मैत्रिणीकडून उसना आणलेला तंबू आणि गाडीची डिकी भरून पिशव्या. गैरहजर : नवरा. (कारण विचारल्यावर "मला घर आहे" असं सांगण्यात आलं.)

आमचा रात्रीचा मुक्काम ठरल्याप्रमाणे पार पडला. जागा, जेवण, झोप आणि तंबू एवढंच काय ते ठरल्याप्रमाणे झालं नाही.

रेवाच्या शाळेचं शिबिर पुढच्या आठवड्यात होतं. तीन रात्री, आईबाप सोडून. तिला जायचंच होतं. मी जव्हारला एका सरकारी कार्यालयात भांडार सांभाळते. तपासल्याशिवाय मी झाडूसुद्धा बाहेर सोडत नाही, मग मुलगी कशी सोडणार? म्हणून अट घातली : आधी माझ्याबरोबर एक रात्र तंबूत काढायची. "घरी जाऊ या" असं तोंडातून निघालं की शिबिर रद्द.

"आणि तू म्हणालीस तर?" रेवाने विचारलं.

मी मोठ्या मनाने हसले. आयांनी असं हसू नये, हे आता कळतं.

ठरलं होतं ते वन उद्यानात राहायचं. माझ्याजवळ ओडोमॉस होतं, शिट्टी होती, जादा नाड्या होत्या, हळदीची पुडी होती. फाटकावरच्या माणसाने अगदी नम्रपणे विचारलं, रात्री थांबायची आगाऊ परवानगी आहे का. ती सोडून सगळं होतं.

"मी 'घरी जाऊ या' म्हणालेली नाही. लक्षात ठेव," गाडीत बसताना रेवा म्हणाली.

मग खोडाळ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच, मला ती जागा दिसली. सपाट, शेणाने सारवलेली, एक खडा नाही. कडेला भाताच्या पेंढ्या रचलेल्या. तंबूसाठी कुणी मुद्दाम तयार करून ठेवावी अशी. ते खळं आहे, एवढं मला कळलं. (अगदीच अडाणी नाही मी.) पण शनिवारी संध्याकाळी खळ्याला सुट्टी असणार, असा काहीसा माझा कार्यालयीन समज झाला.

तेवढ्यात खळ्याचे मालक आले. जानूबाबा, वय सत्तरीच्या आसपास, खांद्यावर घोंगडी. मी रीतसर परवानगी मागितली. आज रात्री आम्ही दोघी इथे झोपलो तर चालेल का?

बाबांचा चेहरा असा उजळला, की मला माझ्या बोलण्याचं कौतुक वाटलं.

"झोपा की, बाय. बरा झाला. आज वरल्या पाड्यात तारपा हाय, मला नाचाया जायाचा होता."

त्यांनी आपली घोंगडी आम्हाला दिली, एक काठी दिली, वर एक रिकामा पत्र्याचा डबा दिला. डबा वाजवायला, असं म्हणाले. किती अगत्य असतं बघ या लोकांत, असं मी रेवाला समजावून सांगितलं. त्यांचं संस्कृतीप्रेम, आपली घड्याळाची गुलामी, असं बरंच बोलले. बाबा तोवर टेकाडाआड गेले होते.

"आई," रेवा म्हणाली, "भात घरी जाईपर्यंत खळ्यावर रोज कुणीतरी झोपतं. रानडुकरं येतात, गुरं येतात. माझ्या वर्गातली सुमन सांगते. आज त्यांचा नंबर होता. आता आपला आहे."

म्हणजे मी सहल काढली नव्हती. मी रात्रपाळी घेतली होती.

बातमी पाड्यात लगेच पोचली. शेजारच्या खळ्याची मालकीण आली, माझ्या खळ्याकडेही नजर ठेवा म्हणाली आणि गेली. दुसरी आली ती वासरू घेऊन. ते पेंढ्यांमागे बांधलं आणि तीही नाचाला गेली. मग दोघीजणी झोडलेल्या भाताच्या पाट्या डोक्यावर घेऊन आल्या. दव पडतंय, म्हणाल्या, भात ओला होईल, या कापडाच्या घरात ठेवू का? नाही कसं म्हणणार? दिवेलागणीला तंबूत सगळ्या पाड्याचा भात आडवा झाला होता. चेन लावून, अगदी उबेत. आम्ही बाहेर, घोंगडीत.

मी रेवाला थोडी मदत करायचं ठरवलं. थंडी वाढतेय ना, विचारलं. तुला सर्दी लवकर होते, याची आठवण दिली. तुझे बाबा घरी एकटेच जेवत असतील, असंही बोलून पाहिलं.

"आई, तुला घरी जायचंय का?"

"मला? छे."

एवढ्यात पेंढ्यांमागे काहीतरी जोरात फुरफुरलं.

रानडुक्कर आल्यावर काय करायचं, ते मी वाचून ठेवलं होतं. त्यातलं काहीही आठवलं नाही. मी डबा बडवला आणि शिट्टी फुंकली, आणि फुंकतच राहिले. वरच्या पाड्यात घुमणारा तारपा बंद पडला. टेकाडावरून विजेऱ्या धावत खाली आल्या, काठ्या आल्या, कुऱ्हाडी आल्या, धापा टाकत जानूबाबा आले. सगळ्यांनी पेंढ्यांना वेढा घातला.

मागून वासरू निघालं.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाय, हा तर तुमच्याच ताब्यातला."

आयुष्यभर भांडार सांभाळल्यावर हे वाक्य ऐकणं माझ्या नशिबी होतं.

आता परत चढ कोण चढणार? तारपावाल्याने शेजारच्या कापलेल्या वावरातच सूर धरला. कंबरेत हात घालून रांग फिरू लागली आणि त्या रांगेत, दोन बायांच्या मधे, माझी थंडीने काकडणारी, सर्दी लवकर होणारी मुलगी होती. ती मला अजिबात शोधत नव्हती. मी मात्र पिशवीवर बसून तिलाच शोधत होते. तारप्याला विश्रांती मिळाली, तशी ती धावत आली आणि धापा टाकत, तांबूस गालांनी, पाणी प्यायली. आणि मी म्हणाले,

"रेवा, घरी जाऊ या."

सगळं वावर ऐकत होतं, असं मला वाटलं. रेवाने बाटलीचं झाकण सावकाश लावलं.

"अशा कशा जाता?" बाबा म्हणाले. "मग भात कोन राखील?"

"मी राखते ना," रेवा म्हणाली. "आईला सवय नाही."

आम्ही राहिलो. सकाळी जानूबाबांनी पाट्या तंबूतून काढल्या, नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर आणि चटणी खाऊ घातली आणि वर निकालही सांगितला. पोरगी पक्की आहे. आई जागी राहते, पण घाबरट आहे, शिकेल हळूहळू. पुढल्या शनिवारी नागलीची मळणी आहे, राखणीला येणार का, असं त्यांनी विचारलं.

"येईल ती," माझ्या वतीने रेवाने शब्द दिला. "मी शिबिरात असेन. ती मोकळीच आहे."

काल बसमध्ये चढताना तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. नवऱ्याने मला गरम मोजे आणून दिलेत आणि मजुरी रोख मिळणार की धान्यात, हे विचारून घे म्हणतो. शनिवार उद्यावर आलाय. मी येणार नाही, एवढं जानूबाबांना फोन करून सांगायचं अजून राहिलंय.