हायबाई

हायबाई भांडायला निघाल्या की आधी चष्मा पुसायच्या. घाई नाही, आरडाओरडा नाही. पदराच्या टोकाने दोन्ही काचा लख्ख करायच्या, चष्मा नाकावर बसवायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता बोला." तोवर समोरच्याचा निम्मा धीर सुटलेला असायचा. आम्ही सारसोळ्याची पोरं तर बाईंचा चष्मा निघाला की खूश व्हायचो, कारण आता कुणातरी मोठ्या माणसाची धडगत नसे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या नेरुळला, आमच्या सारसोळे गावच्या सरकारी शाळेत आल्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, राहायला नव्या वसाहतीच्या सेक्टरमधल्या फ्लॅटमध्ये. आधीचे गुरुजी हजेरीला "हजर" म्हणायला लावायचे आणि "हाय" म्हणणाऱ्याच्या हातावर पट्टी मारायचे. आमच्या आगरी-कोळ्यांच्या तोंडी 'आहे'चं 'हाय' होतं, त्याला आम्ही काय करणार! पहिल्या दिवशी बाईंनी माझं नाव पुकारलं, "चंद्रा!" मी म्हणाले, "हाय, बाई," आणि सवयीने हात पुढे केला. बाई हाताकडे बघतच राहिल्या. "हात कशाला? तू आहेस एवढं मला कळलं, झालं की!" त्या दिवसापासून सगळा वर्ग छाती काढून "हाय" म्हणायला लागला आणि बाईंची हायबाई झाली.

तपासणीला आलेल्या साहेबांना ते खटकलं. "बाई, मुलांना शुद्ध बोलायला शिकवा." बाईंनी चष्मा पुसला. "साहेब, ही पोरं वहीत 'आहे' लिहितात आणि तोंडाने 'हाय' म्हणतात. दोन्ही येतं त्यांना. तुम्हाला एकच येतं." साहेब चहा न घेताच गेले. तो चहा बाईंनी शिपायाला दिला.

आमच्या वर्गात कोळी, आगरी, शिरवण्याच्या बाजूला खाणीत दगड फोडणाऱ्या वडारांची पोरं, झोपडपट्टीतली बौद्धांची पोरं, आणि माझ्या बाकावर कोकणी मुसलमानांची नसीमा. रस्त्याच्या पलीकडे सेक्टरमधली खासगी शाळा. तिथे सगळी फ्लॅटमधली मुलं. शाळा मराठीच, पण आमच्यातलं एकही आडनाव तिच्या फाटकातून आत गेलेलं नव्हतं. ती शाळा जिथे उभी होती तिथे पूर्वी माझ्या आजीचं भातशेत होतं. मी चौथीत पहिली आले तेव्हा आईने बाईंना गाठलं. "बाई, ती शाला आमच्या शेतान हाय. मंग तिथं आमची पोर कनाला नको?"

बाई म्हणाल्या, "नको कशी? बघू कोण नको म्हणतंय."

बाईंचा मुलगा अमित माझ्याच वयाचा. तोवर तो चेंबूरला आजीकडे शिकत होता, पाचवीला त्याला नेरुळला आणायचं ठरलं होतं, आणि अर्थातच त्या खासगी शाळेत घालायचं. तेव्हा एकाच सकाळी बाई आम्हा दोघांना मुलाखतीला घेऊन गेल्या. अमितच्या पायात बूट, माझ्या पायात आईने खोबरेल लावून चमकवलेल्या चपला.

मुख्याध्यापिकाबाईंनी अमितला कविता म्हणायला लावली. मला विचारलं, "वडील काय करतात?"

"होडी हाय आमची."

"घरी अभ्यास कोण घेतं?"

"कोन नाय. मीच हाय ना!"

त्या गोड हसल्या. मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "तुमचा मुलगा घेतला म्हणून समजा. मुलगीही हुशार आहे हो, पण आमच्या शाळेचं वातावरण वेगळं आहे. तिलाच जड जाईल."

बाईंनी चष्मा काढला. मला तर हसूच फुटलं.

"तुमच्या पाचवीत सारसोळ्याची मुलं किती? शिरवण्याची किती?"

"आम्ही तशी नोंद ठेवत नाही."

"नोंद ठेवायला निदान एक तरी लागतं," बाई म्हणाल्या. चष्मा डोळ्यांवर चढवून त्या उठल्या आणि एका हाताने मला, दुसऱ्या हाताने अमितला धरलं. "मग माझा मुलगाही नको. ह्या वातावरणात तो बिघडायचा."

बाहेर आल्यावर बाई नेहमीचा रस्ता सोडून भलतीकडेच वळल्या. त्यांचा हात ओढून मीच त्यांना परत फिरवलं, म्हणून मला माहीत. लोकांना वाटतं की हिंमतवाल्या माणसाला भीती वाटत नाही. साफ खोटं आहे ते.

कारण बाईंनी पणाला लावलं होतं ते स्वतःचं पोर. अमितला त्यांनी आमच्याच शाळेत घातलं. त्यांच्या मिस्टरांनी अबोला धरला. सोसायटीतल्या बायका जिन्यात गाठून सांगायच्या, "अहो, समाजसेवा ठीक आहे, पण मुलाचं वाटोळं कशाला?" बाईंचं उत्तर ठरलेलं, "तिथं तुमच्या मुलांचं होत नाही वाटतं?" अमित मात्र खरोखर चिडला होता, आणि त्याचं तरी काय चुकलं होतं? बाईंनी त्या वर्षी पाचवीचा वर्ग मागून घेतला होता. त्या हजेरीला "अमित" पुकारायच्या आणि तो ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघायचा. पुढच्याच बाकावर बसलेल्या स्वतःच्या मुलाला बाई गैरहजर मांडायच्या. आवाज न बदलता पुढचं नाव घ्यायच्या.

असे बरेच दिवस गेले. मग एकदा डबा खाताना नसीमाने आपल्या घरची तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी त्याच्यापुढे सरकवली. त्याने तिखटाने डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ली. दुसऱ्या दिवशी नाव पुकारल्यावर रागारागाने आवाज आला, "हाय!" वर्गाने बाकं बडवली. बाईंनी खाली मान घालून चष्मा पुसायला घेतला, आणि त्या दिवशी भांडण कुणाशीच नव्हतं.

पुढे आम्ही पांगलो. मी वकील झाले. गावठाणाच्या जमिनींचे खटले चालवते. कोर्टात कडक प्रमाण मराठी झाडते, पण समोरचा वकील माझ्या पक्षकाराच्या बोलण्यावर हसला की मुद्दाम म्हणते, "हाय, पुरावा हाय." अमित पुण्याला मोठ्या नोकरीत गेला. आईने आपल्यावर प्रयोग केला असं तो बरीच वर्षं म्हणायचा. बाई कबूल करायच्या. "केला. जमला."

गेल्या वर्षी बाई गेल्या. बातमी कळताच सारसोळं, शिरवणं निघालं. मच्छीमार्केट सोडून बायका आल्या, नसीमा मुलाच्या स्कूटरवरून आली. सोसायटीच्या फाटकाशी वॉचमनने आम्हाला अडवलं. कमिटीवरचा एक गृहस्थ आत कुणालातरी विचारत होता, "ही बाहेरची एवढी माणसं कोण?"

जिन्यातून अमित खाली आला. डोळे सुजलेले. आम्हाला बघून थांबला. खिशातून आईचा चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा सावकाश पुसल्या.

"बाहेरची नाहीत," तो त्या गृहस्थाला म्हणाला. "आमच्या वर्गातली हायत. फाटक उघडा."

मग आमच्या गर्दीकडे वळून त्याने मोठ्याने पुकारलं, "चंद्रा!"

"हाय!" मी ओरडले.