अप्पांचा अंगठा

अप्पा कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी त्या घरातली सुरी बघायचे. मला बघायला आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. कल्याणच्या आमच्या घरात मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी, आणि होणारे सासरेच बैठकीतून गायब! आईच्या काळजात धस्स झालं. तिला वाटलं, पाहुणे स्वयंपाकघराची स्वच्छता तपासायला गेले. अप्पा आत ओट्यापाशी उभे राहून आमच्या सुरीच्या पात्यावर आडवा अंगठा फिरवत होते. बाहेर येऊन त्यांनी जाहीर केलं, "पोरगी चांगली हाय. सुरी पार मेलीय." ती सुरी ते कागदात गुंडाळून घेऊन गेले. साखरपुड्याला परत आणली तेव्हा पहिल्याच टोमॅटोबरोबर आईने स्वतःचं बोटही कापून घेतलं. सुरीला इतकी धार असू शकते, हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

अप्पांना जाऊन आता वर्ष होत आलं. शहापूरजवळच्या आमच्या गावातून रोज मुरबाडला जाऊन त्यांनी जन्मभर एका कारखान्यात फिटरचं काम केलं. रिटायर झाल्यावर माणूस जरा टेकेल, अशी सासूबाईंची भाबडी समजूत होती. कसलं काय! सकाळचा चहा ते अंगणात फेऱ्या मारत प्यायचे, जेवताना दोनदा उठायचे आणि टीव्हीवरच्या बातम्या उभ्यानेच बघायचे. "बसा हो घडीभर, मला गरगरतं तुमच्याकडे बघून," असं सासूबाई करवादल्या की म्हणायचे, "बसलो की पाय दुखतात गो माझे." आणि चपला घालून बाहेर.

मागच्या पडवीत त्यांचा बेंच ग्राइंडर होता. त्याच्या दगडी चाकावर कोयते आणि कुऱ्हाडी ठीक व्हायच्या, पण सुरीचं पातळ पातं तापून निळं पडायचं, मग त्यावर धार टिकायची नाही. "पाणी उतरलं तिचं," असं म्हणून अप्पा दिवसभर घुम्यासारखे वागायचे. मग माझ्या नवऱ्याने त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला कुणी माणूस चक्क कागदाच्या चाकावर सुऱ्यांना धार लावत होता. अप्पा आधी खो खो हसले. "कागुद लोखंडाला घासतोय? येडा हाय काय तो?" संध्याकाळपर्यंत त्यांनी तो व्हिडिओ इतक्यांदा बघितला की मोबाइलची बॅटरी संपली.

दुसऱ्या दिवशी ते गावातल्या जुन्या लग्नपत्रिका गोळा करायला निघाले. जाड, गुळगुळीत कागद दुसरा कुठला मिळणार? प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती त्यांनी आधी कात्रीने कापून वेगळा काढला. ते सगळे गणपती एका डब्यात जमले आणि भाद्रपदात आमच्या मूर्तीबरोबर नदीत गेले. उरलेल्या पत्रिका एकावर एक चिकटवून, दाबून त्यांनी दोन चाकं केली. एकाच्या कडेला सरस लावून कुरुंदाच्या दगडाची खरखरीत पूड बसवली, दुसऱ्याला नुसता पॉलिशचा साबण. पहिला प्रयोग फसला. चाक सुटलं ते थेट पेरूच्या झाडावर. सासूबाईंनी आठ दिवस पडवीत पाऊल ठेवलं नाही. त्याच्या जागी केलेलं तिसरं चाक मात्र टिकलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. अख्खी मशीन उलटी फिरवून बसवली. एरवी चाक आपल्या अंगावर येतं; अशा चाकावर धार धरली तर ती कागदात रुतणार आणि सुरी अंगावर उडणार. आता चाक त्यांच्यापासून लांब पळायचं. "पळत्या कागदाला धार दाखवायची, येणाऱ्याला नाय," असं ते आल्यागेल्याला समजावत. बटण पलीकडे गेल्यामुळे चालू-बंद करायला वाकावं लागायचं, एवढाच काय तो तोटा.

रविवारी पडवीत बायकांची रीघ लागायची. अप्पा पात्याची एक बाजू घासायचे आणि दुसऱ्या बाजूवर अंगठा आडवा फिरवायचे. नीट घासलं गेलं की तिथे पोलादाची केसाहून बारीक तार उभी राहते. ती डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला लागते. टोकापासून मुठीपर्यंत तार लागली की बाजू बदलायची, आणि शेवटी साबणाच्या चाकावर ती तार उतरवायची. अप्पा स्वतःलाच विचारायचे, "लागली?" आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "लागली!" त्या एका शब्दापुरता तो माणूस स्थिर असायचा.

एका रविवारी मला त्यांच्या बनियनवर रक्त दिसलं. "अप्पा, कापलंय तुम्हाला!" म्हटलं तर ते इकडेतिकडे बघायला लागले. अंगठा चांगला खोल चिरला होता आणि त्यांना पत्ता नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, साखरेने हातापायांच्या नसा गेल्यात, बोटांची जाणीव आता परत यायची नाही. नवऱ्याने मशीनची पिन काढून कपाटात ठेवली. त्यानंतरचे आठ दिवस घरात कुणालाच चैन नव्हतं. एक दिवस अप्पा उंबरमाळीला बहिणीकडे गेले आणि तासाभरात उलट्या पावली परत आले. नवव्या दिवशी मी भाजी निवडत होते तिथे अप्पा येऊन उभे राहिले. "मशीन मी चालवतो. अंगठा तुझा दे."

तेव्हापासून मी त्यांचा अंगठा झाले. ते घासायचे, सुरी फळीवर ठेवायचे (हातातून हातात सुरी दिली की भांडण होतं, हे आमच्याकडे सगळेच पाळतात), मी उचलून अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, लागली किंवा नाही लागली. पहिल्या महिन्यात मला काहीच कळत नव्हतं. मग एकदा कळलं आणि मी ओरडलेच. अप्पांनी गावभर सांगितलं की सुनेला अंगठा फुटला.

शेजारच्या सुमनकाकूंच्या घरी पूजा होती. आदल्या दिवशी त्यांनी मोठी सुरी आणून दिली. अप्पांनी ती पाच वेळा घासली आणि पाचही वेळा मी मान हलवली. त्यांचा हात थरथरत होता, पातं चाकावर एकसारखं टेकतच नव्हतं. कपाळावर घाम होता. सहाव्या वेळी त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी म्हटलं, "लागली."

दुसऱ्या दिवशी सुमनकाकू कुंपणापाशी आल्या. "अप्पा, नुसतीच चमकते हो ही. कांदा कापत नाय, चेंगरते." अप्पांनी सुरीकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. दोन दिवस माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी माहेरी जायला आसनगाव स्टेशनला निघाले होते, तेव्हा फाटकात अडवून म्हणाले, "माझा अंगठा मेला. तुझा तर जिता हाय ना? मग खोटं कशाला बोलली?"

"तुम्ही दमला होतात, अप्पा."

"मग दमलात बोल. लागली नको बोलू."

मला त्या वेळी रागच आला. यांच्यासाठीच बोलले, आणि यांनाच राग! कल्याण येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. पण त्यांचं बरोबर होतं. त्यांच्याजवळ खरं सांगणारी तेवढी एकच जागा उरली होती, आणि ती मी खोटी करून ठेवली होती.

पुढच्या रविवारी त्यांनी सुमनकाकूंकडून तीच सुरी मागवून घेतली. काकू स्वतः घेऊन आल्या आणि बघत उभ्या राहिल्या. एकदा घासली. नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी अप्पांनी सुरी फळीवर ठेवली आणि मी ती उचलायला उगाच वेळ लावला. आता काय सांगायचं ते मला माहीत होतं, आणि त्याचा अर्थ काय होणार तेही. मी अंगठा दोनदा फिरवला.

"नाही लागली, अप्पा."

त्यांनी पलीकडे वाकून बटण बंद केलं. चाक बराच वेळ आपोआप फिरत राहिलं.  ते थांबल्यावर अप्पा मशीनपासून बाजूला झाले.

"इकडं ये. हिथं उभी राहा."

मी उभी राहिले.  त्यांनी माझी कोपरं अंगाशी दाबून बसवली, बटण चालू केलं आणि माझ्या मागे उभे राहिले. "दाब नको देऊ. कागुद हाय तो, त्याचं काम त्याला करू दे." मी टोकाकडून मुठीकडे एकदा पातं ओढलं, पुन्हा ओढलं.

"लागली?" त्यांनी विचारलं.

मी अंगठा फिरवला. मुठीकडे लागत होती, टोकाला काहीच नव्हतं. काकू आशेने बघत होत्या. नुसतं हो म्हटलं असतं तर त्या क्षणी तिघांनाही बरं वाटलं असतं.

"टोकाला नाही लागली."

"मग परत घे," अप्पा म्हणाले. इतक्या मायेने ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मला रडू येत होतं, पण चाक फिरत होतं आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.