कोणाचा डबा हाय?

मी जालन्यात कॉलेजला होते तेव्हा माझा डबा यष्टीनं यायचा. मंठ्याच्या पुढं आमचं गाव, तिथून सकाळची गाडी. आई फाट्यावर उभी राहायची, ड्रायव्हरकाका गाडी हळू करून हात बाहेर काढायचे, अन् डबा त्यांच्या सीटमागच्या खुंटीला अडकून थेट जालन्याला! दहाच्या आसपास मी स्टँडवर हजर. चिठ्ठी न्हाई, नाव न्हाई, काही न्हाई. खेड्यावरच्या सगळ्याच पोरापोरींचे डबे असेच यायचे. अन् बाबांची तर अटच होती, "घरचं जेवण मिळून राह्यलं तवर शीक. मेसचं खाऊन आजारी पडलीस का सरळ घरी." म्हणजे डबा बंद तर कॉलेज बंद.

त्या वर्षी स्टँडवरच्या भोंग्यातून एकसारखं सांगायला लागले होते, बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. मी ऐकायचे अन् सोडून द्यायचे.

एका दिवशी गेले तर आमची गाडी फलाटावर न्हाईच. लांब डेपोच्या भिंतीकडं उभी, बिलकुल रिकामी. माणसं बोचकी घेऊन उन्हात. दोन पोलीस शिट्ट्या वाजवून लोकांना मागं सारून राह्यले होते.

एका बाईला विचारलं, "मावशी, काय झालं?"

"अगं बॉम्ब हाय म्हन्त्यात! डायवरच्या मागच्या सीटाखाली. मी तिथंच बसले होते की मंठ्यापासून! दोनदा पायानं सरकवलं त्याला!"

तिचा नवरा म्हणाला, "तरी म्हनलं, आज लय शांत कशी बसली."

"तुमाला हसू यिऊन राह्यलं?"

मी अजून जवळ सरकले. "मावशी, दिसायला कसाय तो?"

"फडक्यात बांधेल हाय. हिरवं फडकं, पांढरे ठिपके."

ते फडकं आईच्या जुन्या लुगड्याचं. मी रोज धुऊन परत पाठवायचे!

मंग दिसलं, ड्रायव्हर वेगळा होता. आमचे काका रजेवर. आईनं रोजच्यासारखं "जालन्याचा डबा" म्हणून दारातून आत सरकवला असणार, अन् इंजिनाच्या आवाजात नव्या माणसाला ऐकू गेलं नसणार. आईला काय माहीत, रजा म्हणून?

हवालदार ओरडला, "शेवटचं विचारतो, कोणाचा डबा हाय? न्हाई तर औरंगाबादहून पथक बोलवावं लागतंय!"

माझा म्हणलं तर विचारतील, रोज कोण आणतं? काकांचं नाव निघंल, त्यांच्या नोकरीवर येईल, सगळ्यांचेच डबे बंद होतील, अन् मी घरी. खोटं कशाला सांगू, मी गेटाकडं चालायला लागले होते. खरंच. दहा-बारा पावलं गेल्ते.

तेवढ्यात कंडक्टर म्हणाला, "साहेब, पथक यायला दुपार होईल. लेकरंबाळं उन्हात हायेत. मीच आणतो उचलून." तोही ह्या गाडीवर नवाच, पोरगाच तसा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. बोलला खरं, पण चढायच्या आधी गळ्यातली पैशाची पिशवी काढून हवालदाराच्या हातात दिली त्यानं. माझ्या भाकरीसाठी!

मी पळतच मागं आले. "माझा हाय! डबा माझा हाय!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. हवालदार म्हणाला, "तुझा कशावरून? आत काय हाय, सांग."

"भाकर. अन् भाजी."

"कसली भाजी?"

"ते आईलाच ठाऊक. पण फोटोच्या रोलची काळी डबी असंल, तिच्यात ठेचा. झाकणाला लाल दोरा."

"मंग चल, तूच उघड."

गाडीत चढले अन् एकदम मनात आलं, असलं फडकं दुसऱ्या कोणाचं असलं तर? गाठ सुटता सुटंना. हवालदार दारातच थांबला होता, मान मागं घेऊन. शेवटी निघालं झाकण. भाकर, दोडक्याची भाजी, काळी डबी, लाल दोरा. मंग हवालदार आला जवळ. डबी उघडून नाकाशी नेली अन् तीनदा शिंकला.

"हा बॉम्बच हाय," म्हणाला.

बाहेर लोकं हसले, मला हसू आलं न्हाई. कारण लगेच त्यानं विचारलं, "रोज कोण आणतं?"

"कोणी न्हाई. आजच पहिल्यांदा."

मागून चढलेल्या कंडक्टरनं खुंटीकडं बघितलं. कैक वर्षं डबे अडकून अडकून गुळगुळीत झालेली खुंटी. मंग माझ्याकडं बघितलं. अन् आपली टोपी काढून त्या खुंटीला अडकवली.

"उद्यापासून डब्यासंगं माणूस पायजे," हवालदार म्हणाला. "नुसता डबा दिसला तर फेकून देईन. बराबर?"

गावातल्या दुकानावर फोन करून आईला निरोप दिला, डब्यासंगं माणूस पायजे. पण रोज कोण येणार माझ्या डब्यासाठी जालन्याला? दुसऱ्या दिवशी नऊपासूनच स्टँडवर उभी. गाडी आली, हवालदार समोरच. एकेक जण उतरला. कोणाच्याच हातात हिरवं फडकं न्हाई.

सगळ्यात शेवटी एक पटकेवाला म्हातारा लंगडत उतरला. कोकरू धरावं तसा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. माझ्या ओळखीचा न्हाई, पाळखीचा न्हाई. सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडला, "कोणाचा डबा हाय वं?"

"माझा!" त्याचं बोलणं संपायच्या आत मी ओरडले.

"धर बाई. तुझ्या मायनं गाडी सुटस्तोर बजावलं, मांडीवरून खाली ठिवायचा न्हाई. पाय बधिर झाले माझे."