जुनी किरणं बरी

गल्लीच्या तोंडाशी शिवणाचं दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी लग्न होऊन दोन चौक पलीकडे नांदत होती. काकूंचं तोंड फटकळ होतं, पण त्यांनी शिवलेल्या कपड्यात बेढब माणूसही देखणा दिसे.

त्यांच्या गळ्यातली ग्रंथी बिघडली तेव्हा डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली. म्हणाले, "दोन-तीन आठवडे लहान मुलांपासून, गरोदर बायकांपासून लांब राहा. मग काही नाही." काकूंनी हे जसंच्या तसं शेजारणीला सांगितलं. शेजारणीने पुढे सांगताना 'मग काही नाही' तेवढं गाळलं.

गिऱ्हाइकं आटली. एकीने शिवायला टाकलेला ड्रेस काठीने उचलून नेला. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी विचारलं, "अंधारात तुम्ही चमकता का हो?"

"चमकले असते तर विजेचं बिल कशाला भरलं असतं?"

मास्तरांनी खाली जाऊन सांगितलं, की बाई सरळ नाही म्हणाल्या नाहीत.

मुदत संपली. डॉक्टरांनीही आता सगळं ठीक म्हणून सांगितलं. मग मुलगी बाळंत झाली. काकू टोपडं शिवून घेऊन गेल्या. विहीणबाईंनी दार साखळीपुरतंच उघडलं.

"राग मानू नका, पण नातू एकच आहे. खिडकीतून बघा."

जावई मागे उभा राहून स्वतःच्या पायाचे अंगठे पाहत होता. काकू खिडकीशी गेल्या. बाळ कुशीवर झोपलेलं, नुसता कान दिसला.

"कान आमच्याकडचा आहे," म्हणाल्या आणि परतल्या. घरी येऊन त्यांनी ते टोपडं उसवलं. मग पुन्हा शिवलं.

काही महिन्यांनी विहीणबाईंची कंबर धरली. हाडांच्या तपासणीसाठी त्यांना किरणोत्सारी इंजेक्शन दिलं. "आजचा दिवस बाळाला घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी बाळाला घ्यायला हात पुढे केले, तर त्यांचा मुलगा, म्हणजे काकूंचा जावईच, आडवा आला.

"अरे, एकाच दिवसाचं म्हणाले होते!"

"सासूबाईंनाही मुदत दिलीच होती. तेव्हा तूच म्हणालीस, डॉक्टरांचं काय जातं सांगायला."

विहीणबाईंची ताटवाटी आतल्या खोलीत जाऊ लागली. इकडे मुलीची रजा संपली, आणि बाळाला सांभाळायला घरात बिनकिरणांचं कुणी उरलं नाही. अखेर नव्या किरणांपेक्षा जुनी बरी, असं ठरून काकूंना बोलावणं गेलं.

काकूंनी बाळाला कडेवर घेतलं आणि थेट आतल्या खोलीत शिरल्या. विहीणबाई भिंतीला सरकल्या.

"इकडे नका आणू. अजून असेल अंगात."

काकूंकडे बोलायला बरंच होतं, किती दिवस घोळवून ठेवलेलं. पण विहीणबाईंचे डोळे रडून सुजले होते. काकूंनी बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्याने लगेच आजीचा चष्मा ओढला.

"काही होणार नाही ना हो याला?"

"भूक लागेल. दूध कुठे ठेवलंय?"

काकू रोज जाऊ लागल्या. जुनी गिऱ्हाइकं मात्र अर्धीदेखील परतली नाहीत. शेवटी काकूंनी दुकान मोडलं आणि मशीन मुलीच्या घराजवळ हलवलं. तिथे त्यांच्या आजाराबद्दल कुणाला ठाऊक नव्हतं. विहीणबाईंनी ते कुणाला सांगितलं नाही, कपडे शिवायला मात्र आपली अख्खी गल्ली काकूंकडे धाडली.