थिएटरच्या दारातल्या मावशी

"वारं उठवू नगा!"

ऑपरेशन थिएटरमध्ये कोणी चादर झटकली, धाडकन दार ढकललं किंवा नुसतं लगबगीनं चाललं, तरी मावशी हात आडवा करून एवढंच म्हणायच्या. समोर शिकाऊ नर्स असो की भूल देणारे डॉक्टर, हात तोच आणि आवाजही तोच. मूळच्या कुंडलच्या. "खळ्यावर वारं लागतंय, हितं न्हाई," असं वर ऐकवायच्या. मोठे डॉक्टर मास्कआड हसायचे. मला मात्र हसू यायचं नाही.

प्रत्येक दवाखान्यात असं एक माणूस असतं, तुम्हीही पाहिलं असेल. पगाराच्या यादीत नाव तळाशी, पण त्याच्यावाचून पान हलत नाही. आमच्याकडे ते माणूस म्हणजे ह्या मावशी. आणि मी लॅबमधला. रहिमतपूरचा, साताऱ्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला. हे मी येईल त्याला सांगत असे. मावशींना तर दोनदा सांगितलं होतं. "बरं झालं की," असं त्या दोन्ही वेळा म्हणाल्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीत आमच्या दवाखान्यात गुडघा आणि खुबा बदलायची ऑपरेशनं नवीनच सुरू झाली होती. हवेतले जंतू नव्या सांध्यावर बसले की सगळ्या मेहनतीवर पाणी. म्हणून डॉक्टरांनी मला काम लावलं. ऑपरेशन चालू असताना थिएटरमध्ये चार ठिकाणी प्लेटा तासभर उघड्या ठेवायच्या, मग दोन दिवस उबेत ठेवून त्यांच्यावर जंतूंचे किती ठिपके उगवले ते मोजायचे. प्लेट म्हणजे काचेची उथळ बशी, तिच्यात जंतूंचं खाणं ओतून गोठवलेलं. मावशी तिला बशीच म्हणत. मला वाटलं, आता थिएटरात आपला शब्द चालणार.

पहिल्याच खेपेला दाराजवळच्या प्लेटवर ठिपक्यांची गर्दी निघाली. मी आलेख काढला, दोन पानी टिपण लिहिलं. डॉक्टरांनी ते उभ्याउभ्या चाळलं आणि विचारलं कोणाला, तर मावशींना. "काय करायचं, मावशी?"

"दार सारखं उगडतंय, मग काय हुनार? दोरा, मोजं, समदं आदी आत घ्या. येकदा दार लावलं की लावलं."

पुढच्या खेपेला ठिपके निम्म्याहून कमी झाले. "ही मावशींची कमाल!" डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले. प्लेटा ओतल्या मी, ठिपके मोजले मी, ऑटोक्लेव्हच्या वाफेनं हात पोळला तो माझा, आणि कमाल मावशींची! मला वाईट वाटलं असं लिहिणं सोपं आहे. खरं सांगायचं तर माझा जळफळाट झाला.

त्यानंतर मी मुद्दाम अडचणीच्या जागी प्लेटा ठेवू लागलो. स्टुलाखाली, कपाटामागं, खिडकीतल्या एसीच्या तोंडाशी. रिपोर्टात ठिपके वाढले की मावशी आधी त्या जागा पुसून काढायच्या आणि वर मलाच म्हणायच्या, "भाऊ, बरं दावून दिलंसा. तितं माजं ध्यान नव्हतं." अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

मेढ्याचे एक गुरुजी खुबा बदलून घेऊन गेले होते. तीन महिन्यांनी काठी टेकत, पेढ्यांचा पुडा घेऊन आले, ते तडक थिएटरच्या दाराशी. लॅबकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मावशी तो पुडा न फोडता माझ्याकडे घेऊन आल्या. "आदी तुमी घ्या. तुमच्या बश्यांमुळं तर कळतंय आमाला." मला मधुमेह आहे, असं सांगून मी पेढा नाकारला. मला मधुमेह नव्हता.

मग एका बाईंच्या गुडघ्याची जखम चिघळली. पू तपासला तर प्लेटवर सोनेरी ठिपके उगवले, म्हणजे जखमा चिघळवणारा, माणसाच्या नाकात दडून राहणारा जंतू. डॉक्टर हादरले. थिएटरातल्या सगळ्यांच्या नाकात कापसाची काडी फिरवून तपासणी करायचं ठरलं. लॅबच्या स्टुलावर मावशी सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या. "माजं आदी घ्या, मंजी बाकीची भ्यायची न्हाईत."

दोन दिवसांनी सोनेरी ठिपके उगवले ते फक्त मावशींच्या प्लेटवर. मला आनंद झाला. आज लिहिताना हात अडखळतो, पण झाला. खात्री करायला म्हणून मी ती प्लेट तीनदा पाहिली, आणि तिसऱ्यांदा पाहायची काही गरज नव्हती.

डॉक्टरांनी मावशींना नीट समजावलं. "हा जंतू चांगल्या धडधाकट माणसांच्याही नाकात असतो, मावशी. जखमेतला तो तुमचाच, असं मुळीच नाही. आठ दिवस मलम लावा, परत तपासू आणि मग या आत. तोवर बायकांच्या वॉर्डात काम करा." मला म्हणाले, "तेवढं तपासून मला सांगा."

नवव्या दिवशी मावशी लॅबमध्ये आल्या. "प्लेटा संपल्यात. सोमवारी या," मी म्हणालो. फ्रिजमध्ये सहा प्लेटा होत्या. सोमवारी मी रजा टाकली. त्या पुन्हा आल्या तेव्हा "बघू सवडीनं" म्हणालो. मग त्या यायच्या थांबल्या. डॉक्टरांनी एकदा विचारलं, तेव्हा "राहिलंय, सर" म्हणून वेळ मारून नेली. दारात दुसऱ्या बाई आल्या आणि विषय मिटला.

आता डॉक्टर मलाच विचारायचे. मला हवं होतं ते झालं होतं. प्लेटांवरचे ठिपके हळूहळू वाढत होते आणि मी ते एसीवर ढकलत होतो.

दीड वर्ष गेलं. एकदा रक्ताचा नमुना घ्यायला मी बायकांच्या वॉर्डात गेलो. तिथं मास्क कोणीच लावत नसे. मावशींनी लावला होता.

"इथं कशाला मास्क, मावशी? काढा की."

"परत तपासनार व्हय, भाऊ?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता हो तो! डोळ्यांत चक्क आशा होती. "घरातबी लावती. सुनंला पोरगी झालीया, तिला अजून मांडीव घेतली न्हाई. ल्हान जीव. म्हनलं, भाऊंचा रिपोट आला की घ्यावं."

मला तिथं उभं राहवेना. लॅबमध्ये जाऊन काडी घेऊन आलो आणि तिथंच त्यांचा नमुना घेतला. दोन दिवसांनी पाहिलं तर सोनेरी ठिपका एकही नव्हता. कदाचित नवव्या दिवशीही नसेल. आता ते कोणालाच सांगता येणार नव्हतं, आणि मावशी तर महिनाअखेरीस निवृत्त व्हायच्या होत्या.

रिपोर्ट घेऊन मी स्वतः वॉर्डात गेलो. माझ्या तोंडून माफीचा शब्द फुटला नाही. "आता काही नाही, मावशी. नातीला घ्या," एवढंच म्हणालो.

मावशींनी मास्क उतरवला. दीड वर्षात मीही त्यांचा चेहरा पाहिला नव्हता. मग मास्क पुन्हा नाकातोंडावर चढवला.

"घरी दमानं काढीन म्हंती," त्या म्हणाल्या. "पोरीनं माजं तोंड बगितलंच न्हाई अजून. भ्यायची."