घंटा कोणी बंद करायची

सिम्युलेटरच्या तपासणीत माझ्या नावापुढे ‘पुन्हा’ असा शेरा पडला आणि दुसऱ्याच दिवशी मी आर्वीला आले. पुढची तारीख आठ दिवसांनी होती. त्यात निभावलं तर प्रश्न मिटला. नाही निभावलं तर प्रकरण समितीपुढे जाणार, आणि कॅप्टनची डावी खुर्ची सोडून मला उजवीकडे, सहवैमानिकाच्या खुर्चीत बसावं लागण्याची बरीच शक्यता. माझं वय एकोणपन्नास. विमान उडवायला लागून बावीस वर्षं झाली होती, डाव्या खुर्चीत बारा.

वैमानिकाला दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये जावं लागतं. ही यांत्रिक पायांवर उभी असलेली एक बंद खोली असते. आत हुबेहूब कॉकपिट, खिडकीबाहेर चित्रातली धावपट्टी. परीक्षक मागे बसतो आणि बटणं दाबून आपल्यावर एकेक संकट सोडतो. इंजिन पेटतं, चाक अडकतं, धुकं येतं. चार तासांनी बाहेर पडताना पाठीला घाम असतो आणि पाय गार पडलेले. या दिवसासाठी माझी ठरलेली यादी आहे: स्वेटर, दोन पेनं, जादा चष्मा, शेंगदाण्याचा लाडू. इतक्या वर्षांत यादीतलं काही विसरले नव्हते आणि ‘पुन्हा’ही कधी आलं नव्हतं.

या खेपेला फरक एवढाच होता की आमची कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली होती.

लोकांना वाटतं, विमानांचा रंग बदलला, गणवेश बदलला की झालं. ते बदललंच. पण विमान दोघं मिळून चालवतात. एक उडवतो, दुसरा लक्ष ठेवतो आणि कामांची यादी वाचतो. कुठलं काम कोणी करायचं हे कंपनीच्या पुस्तकात असतं, आणि विमान तेच असलं तरी प्रत्येक कंपनीचं पुस्तक थोडं वेगळं. इंजिनाला आग लागल्याची घंटा वाजली की आमच्याकडे ती लक्ष ठेवणाऱ्याने बंद करायची, त्यांच्याकडे उडवणाऱ्याने. एका बटणाचा प्रश्न. नव्या एकत्र पुस्तकात त्यांची पद्धत राहिली, कारण ते संख्येने जास्त होते.

सिम्युलेटरच्या इमारतीतल्या कॅन्टीनमध्ये त्या महिन्यांत दुसरा विषय नव्हता. आमच्याकडचे म्हणत, हे ट्रेनिंग नाही, चाळणी आहे. दोन कंपन्या मिळून कॅप्टन जास्त झाले, आता गाळून काढणार. त्यांच्याकडचे म्हणत, आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो, तुम्हाला यात अवघड काय आहे? आमच्यातले एक ज्येष्ठ कॅप्टन चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, “आता आपण सुना आहोत. ‘आमच्याकडे असं करतात’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही.”

सगळे हसले. त्या टेबलावर खरीखुरी सून झालेली मी एकटीच होते. मी म्हटलं, “काढलं तर काय होतं ते मला विचारा. वरणात गूळ घालायचा की नाही यावर मी दोन वर्षं काढली आहेत.”

थट्टा तिथवर ठीक होती. मग माझा नंबर आला.

माझ्या जोडीला त्यांच्याकडचा सहवैमानिक होता, पुण्याचा, तिशीतला. उड्डाण झालं, मी उडवत होते. चाकं वर गेली आणि घंटा वाजली. मी ती बंद होण्याची वाट पाहत राहिले, कारण बावीस वर्षं ती शेजारचं माणूस बंद करत आलं होतं. तो माझ्या हाताकडे पाहत राहिला, कारण त्याच्या सवयीनुसार ती मी बंद करायची होती. घंटा वाजतेच आहे. मग दोघांना एकदमच भान आलं आणि दोन्ही हात बटणावर एकमेकांना आपटले.

तिथून लय गेली. पेटलेलं इंजिन बंद करण्याआधी एक पायरी असते. उडवणाऱ्याने त्या इंजिनाच्या लीव्हरवर हात ठेवायचा, दुसऱ्याने हात बरोबर जागी आहे हे पाहून ‘कन्फर्म’ म्हणायचं, मगच लीव्हर ओढायचा. धडधाकट इंजिन चुकून बंद होऊ नये म्हणून. जुन्या कंपनीत आम्ही ‘कन्फर्म?’ असं विचारायचो. नव्या पुस्तकात विचारायचं नाही, दुसऱ्याने आपणहून म्हणायचं. इथे आम्ही दोघांनीही अभ्यास केला होता, हीच पंचाईत झाली. मी त्यांच्या पद्धतीने न विचारता हात ठेवला. आमचे लोक विचारतात हे त्याला कोणीतरी सांगितलेलं, म्हणून तो माझ्या सोयीसाठी माझ्या प्रश्नाची वाट पाहत राहिला. घंटेच्या गोंधळात आधीच उशीर झाला होता. मी लीव्हर ओढला.

परीक्षकांनी मशीन थांबवलं. “इंजिन बरोबर होतं,” ते मागून म्हणाले, “पण कोणी पाहिलं होतं?”

दोघांच्याही कागदावर ‘पुन्हा’. आठ दिवसांनी, याच जोडीने.

आर्वीला माझे आईवडील राहतात. वडील एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण घर डेपोपासून चालत पाच मिनिटांवर आहे आणि हॉर्न ऐकून ते अजून सांगतात की वर्धा गाडी लागली. मी बॅगेतून कॉकपिटचं कागदी पोस्टर काढलं. प्रत्येक वैमानिकाकडे असं एक असतं. शिकाऊ असताना त्याच्यासमोर बसून बटणांच्या जागा पाठ करतात. पुढच्या खोलीत मोकळी भिंत नव्हती, म्हणून लोखंडी कपाटावर चिकटवलं. कपाटाची मूठ मध्ये येत होती, तेव्हा उजवी बाजू जवळजवळ अर्ध्यापर्यंत दुमडली. समोर प्लास्टिकची खुर्ची ठेवली, वही उघडली. डाव्या पानावर जुनी पद्धत, उजव्या पानावर नवी.

आई जमिनीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. थोडा वेळ तिने ऐकून घेतलं.

“काय वं, सुटी टाकून आली अन् कपाटाशी बोलून राह्यली?”

“कपाट नाई आई, कॉकपिट हाये.”

“मंग त्या कॉकपिटाले सांग, दूध आणाचं हाये.”

वडील आतून दुसरी खुर्ची घेऊन आले आणि माझ्या उजवीकडे बसले. “एकटी काऊन बोलून राह्यली? याले दोघं लागतात ना?”

मी त्यांना कागद दिला.

“मले काय म्हणाचं हाये?”

“मी लीव्हरवर हात ठेवला का तुम्ही पाहाचं, बाबा. बरोबर असंन तर ‘कन्फर्म’ म्हणाचं.”

“अन् बरोबर नसंन तर?”

“बरोबरच राहीन.”

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि कागद गुडघ्यावर ठेवला.

घंटा आईकडे दिली. स्टीलचं ताट आणि उलथनं. मी उड्डाणाची वाक्यं म्हटली, चाकं वर घेतली, आईने ताट बडवायला सुरुवात केली. आणि मी पुन्हा थांबले. अगदी तशीच, सिम्युलेटरमध्ये थांबले होते तशी. वडील माझ्याकडे, मी पोस्टरकडे.

“हात दुखून राह्यला माहा!” आई ओरडली. “कोणी बंद करता का नाई?”

दुसऱ्या दिवसापर्यंत घंटेचं जमलं. ताट वाजलं की माझा हात आपणहून वर जाऊ लागला. राहिलं ते ‘कन्फर्म’. मी लीव्हरवर हात ठेवायची आणि वडील सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढायचे, पुसायचे, डोळ्यांवर चढवायचे, पुढे वाकून पोस्टर पाहायचे, मग म्हणायचे, “हो. कन्फर्म.” प्रत्येक वेळी.

“बाबा, तवरक इंजिन जळून जाईन.”

“जळू दे. पाह्यल्याशिवाय मी हो म्हणत नसतो.”

“चष्मा लावूनच बसा ना मंग.”

“जवळचा चष्मा हाये तो. दिवसभर लावला का डोकं दुखते.”

मी वैतागले. त्यावर त्यांनी रोहणा गावची गोष्ट सांगितली, जी मी आधी कधी ऐकली नव्हती. रोहण्याला गाडी वळवताना मागे घ्यावी लागायची. कंडक्टर खाली उतरून मागचा पत्रा हाताने वाजवायचा, त्यावरून ड्रायव्हरने समजायचं. एकदा बदली होऊन आलेला नवा कंडक्टर सोबत होता.

“त्याच्या इकडे दोन ठोके म्हंजे थांब. माह्या हिशोबानं दोन म्हंजे येऊ दे. तो वाजवून राह्यला, मी घेऊन राह्यलो. तो जोरात वाजवे, मी म्हणो, चांगला माणूस हाये, उल्हासानं बोलावते. गेली गाडी ढोरायच्या हौदावर.”

“हौद फुटला?”

“हौदाले काय होते! बंपर गेला. ढोरं पाणी पेयाचं सोडून पाहून राह्यले.” आई शेंगा सोलता सोलता हसली, तिला ती ढोरं बहुतेक पाठ होती. “चूक त्याची नाई अन् माह्यी बी नाई,” वडील म्हणाले. “निंघाच्या आधी इचारलं नाई, तेवढी चूक. तवापासून कोणताही कंडक्टर असो, पह्यले मी इचारो, दोनवर काय?”

“जुन्या कंडक्टरले पण?”

“दहा वर्षं सोबत असलेल्याले पण. मले ‘दोनवाले’च म्हणत डेपोत.”

मी वहीच्या उजव्या पानावर लिहिलं: निघण्याआधी विचारणे. मग त्या सहवैमानिकाला फोन केला.

“मॅम, मीच करणार होतो,” तो म्हणाला. त्याचं कॅप्टन होण्याचं प्रशिक्षण या शेऱ्यामुळे थांबलं होतं. “आमच्याकडे सगळे म्हणतायत, तुमच्यामुळे माझं अडकलं.”

“आमच्याकडे म्हणतात, तुझ्यामुळे माझं.”

तो मनमोकळं हसला. आम्ही पुस्तक उघडून एकेक ओळ घेतली. घंटा मी बंद करणार. ‘कन्फर्म’ तो म्हणणार, मी विचारणार नाही. आणि पुस्तकात नव्हतं ते एक आम्ही आपसांत ठरवलं: त्याने खरोखर पाहायचं, आणि त्याचा आवाज ऐकल्याशिवाय, काहीही जळत असलं तरी, मी हात हलवायचा नाही. समोरच्याची सोय म्हणून कोणीही आपल्या मनाने ठरलेली पद्धत बदलायची नाही.

आणखी चार दिवस ताट वाजलं. शेवटी शेवटी चष्मा पुसण्याचा वेळही मला लांब वाटेनासा झाला.

दुसरी तपासणी दुपारची होती. परीक्षक तेच. उड्डाण, चाकं वर, घंटा. माझा हात गेला, घंटा बंद. पुढची वाक्यं बरोबर आली. मी लीव्हरवर हात ठेवला आणि थांबले.

शेजारून आवाज नाही.

एरवी मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं असतं, घाई केली असती. या वेळी नुसती थांबले. मनात म्हटलं, चष्मा काढतोय.

“नाही मॅम,” तो म्हणाला. “दोन नंबर.”

माझा हात एक नंबरवर होता, डाव्या इंजिनाच्या लीव्हरवर. पेटलं होतं उजवं. समोरच्या पडद्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि मी ते मोठ्याने वाचलंही होतं. पण सहा दिवस घरी पोस्टरची उजवी बाजू दुमडलेली होती आणि उजव्या इंजिनाचा लीव्हर त्या घडीत गेला होता. प्रत्येक ताटाला मी डावंच इंजिन विझवलं होतं. डोळ्यांनी उजवं वाचलं आणि हाताने आर्वीत शिकलेलं केलं.

हात उचलला, शेजारच्या लीव्हरवर ठेवला. पुन्हा थोडा वेळ.

“कन्फर्म.”

मी ओढला.

नंतर टेबलावर परीक्षकांनी आधी त्याला विचारलं, “तुम्ही इतका वेळ का घेतला?”

“पाहत होतो, सर.”

मग माझ्याकडे वळले. “हात चुकीच्या लीव्हरवर होता.”

“हो.”

“ओढला का नाहीत?”

“त्याने म्हटलं नव्हतं.”

त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात हाताबद्दल एक ओळ लिहिली, जी माझ्या फाइलमध्ये राहील आणि राहायलाच हवी. खाली सही केली. दोघंही पास. “हात जाणारच इकडे तिकडे,” कागद सरकवत ते म्हणाले. “ती पायरी त्यासाठीच आहे.”

चाळणी होती की ट्रेनिंग, हे मला आजही सांगता येत नाही. कॅन्टीनमध्ये दोन्ही बाजू अजून तेच बोलतात. तपासणीनंतर अभिप्रायाचा फॉर्म भरायचा असतो, त्यात मी लिहिलं की दोन कंपन्यांच्या माणसांची परीक्षा घेण्याआधी त्या जोडीला तासभर कागदी कॉकपिटसमोर, साध्या खुर्च्यांवर बसवावं आणि आपसांत विचारू द्यावं. पुस्तकं एका दिवसात एक होतात, हातांना वेळ लागतो. त्या फॉर्मचं पुढे काय झालं मला कळलेलं नाही.

बाहेर येऊन घरी फोन लावला. आईने उचलला. “झालं काय?” मी हो म्हटलं, तशी तिने लगेच वडिलांना दिला.

“त्यानं पाह्यलं काय?” त्यांचा पहिला प्रश्न.

“पाह्यलं, बाबा. हात चुकला होता माहा. तो नाई म्हणाला.”

पलीकडे डेपोतून एक गाडी सुटल्याचा आवाज आला.

“मी तुले पह्यल्याच दिवशी इचारलं होतं,” ते म्हणाले, “बरोबर नसंन तर काय म्हणाचं. तू सांगितलंच नाई.”

फोन ठेवून मी वही काढली आणि तिथेच पायरीवर बसून उजव्या पानावर दोन ओळी वाढवल्या. बरोबर नसेल तर ‘नाही’ म्हणणे. आणि पुढच्या वेळी पोस्टर कपाटावर लावायचं नाही.